शिडाच्या बोटीवर आठवडा: लातूरकराचा रिव्ह्यू

मागच्या जूनमध्ये आम्ही दोघं आन मेव्हणा-मेव्हणी, असं चौघांनी क्रोएशियात स्प्लिट शहरातून शिडाची छोटी बोट भाड्यानं घेतली, स्किपरसकट, म्हणजे बोट चालवणारा कप्तानही सोबत. शेंगेन व्हिसा चालतो, २०२३ पासून तिथं युरोच आहे त्यामुळं पैसे बदलायची कटकट नाही.

हवार, मग व्हिस, असं बेटाबेटानं फिरलो. दुपारी वायव्येकडून वारा सुटतो, माएस्त्राल म्हणतात त्याला, इंजिन बंद केलं की बोट एका अंगाला कलते आणि नुस्ता पाण्याचा आवाज. मेव्हण्याची दातखीळच बसली, म्हणला उलटते का काय! स्किपरनं समजावलं की बुडाला कील नावाचं जड वजन असतंय, तेच बोटीला परत सरळ करतं.

खरी मजा पाण्याची. बंदर लागेपर्यंत टाकीतलंच पाणी पुरवायचं, म्हणून स्किपरनं पहिल्याच दिवशी लेक्चर दिलं. अरे बाबा, आम्ही लातूरचे, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं बघितलेली माणसं! बायकोनं तांब्याभर पाण्यात चौघांची भांडी काढली, तिसऱ्या दिवशी टाकीचा काटा बघून स्किपरच चाट पडला.

तक्रार एकच, टॉयलेटचा हातपंप दुसऱ्याच दिवशी अडकला आन भाड्यानं देणाऱ्यांनी दीड दिवस फोनच उचलला नाही, वर डिपॉझिटमधून पैसे कापले ते वेगळंच. पाचपैकी साडेतीन. जाणार असाल तर मऊ बॅगा न्या, सुटकेस ठेवायला जागाच नसते. आन शेंगदाण्याची चटणी जास्तीची न्या, आमची अर्धी स्किपरनंच संपवली.