स्वस्तातला ओबीडी स्कॅनर : दोन हिवाळ्यांनंतर

गाडी २०१४ची पेट्रोल हॅचबॅक, मुक्काम नाशिक. निफाडचा पारा बातम्यांत झळकायला लागला की आमच्याकडेही पहाटे दहा-बारा अंश असतात. तेव्हा सात-आठ सेकंद सेल्फ मारल्याशिवाय स्वारी स्टार्ट घ्यायची नाही. दुपारी मात्र चावी फिरवली की चालू. गॅरेजमध्ये आधी 'बॅटरी बदला', मग 'प्लग बदला', शेवटी 'थंडीत होतंच हो'. म्हणून गाडीच्या ओबीडी सॉकेटला (स्टिअरिंगखालचं तपासणीचं सॉकेट) लावून मोबाइलवर वाचायचा ब्लूटूथचा स्कॅनर मागवला. ईएलएम३२७ या चिपची नक्कल, हजाराच्या आत.

जोडला, तर बिघाडाचा एकही कोड नाही. इथेच बरेच जण एक तारा देऊन मोकळे होतात. पण कोड पडतो तो बहुधा वायर तुटली, शॉर्ट झाली किंवा आकडा अगदीच अशक्य आला तर. पटेल असं खोटं बोलणारा सेन्सर त्यातून सहज निसटतो. त्याला पकडायचं लाइव्ह डेटात, म्हणजे सेन्सर त्या क्षणी दाखवतात त्या आकड्यांत.

रात्रभर उभ्या गाडीत चावी ऑन करा, इंजिन बंदच ठेवा. कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं. माझ्याकडे हवा १३ अंश, कूलंट ३९! ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) वाटणार इंजिन कोमट आहे, म्हणून तो पेट्रोल हात आखडून सोडणार. गार इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, त्याला उलट जास्त लागतं. कूलंटच्या सेन्सरचा कनेक्टर काढून त्याचा रेझिस्टन्स मोजायला मल्टिमीटर लावला. त्या थंडीत तीन हजार ओहमच्या पुढे हवे होते, दिसले बाराशेच्या आसपास.

त्याआधी टाकीतल्या पेट्रोलच्या पंपाची शंका फेडून घेतली होती. चावी ऑन केली की मागून दोनेक सेकंद पंपाची घरघर येते. तसं दोन-तीनदा ऑन-ऑफ करून मग स्टार्ट केली, फरक शून्य. लगेच चालू झाली असती, तर रात्रीतून पेट्रोलचं प्रेशर उतरतंय असं धरून पंपाच्या मागे लागलो असतो. सेन्सर बदलला आणि तेव्हापासून सकाळी दोन सेकंदांत काम होतं.

आता दुसरी बाजू. सेल्फच जड फिरत असेल, तर हा स्कॅनर कुचकामी. सेल्फ मारताना व्होल्टेज पडतं आणि ऐन वेळी याचं कनेक्शन तुटतं. तिथे साधा मल्टिमीटरच हवा, आणि दोन्हींपैकी एकच घ्यायचं असेल तर मी तोच घ्या म्हणेन. बॅटरी रात्रभर थांबून १२.६ व्होल्ट दाखवते का, सेल्फ मारताना ९.६च्या खाली जाते का, ते बघायचं. मेहुण्याच्या गाडीत नवी बॅटरी टाकूनही रडगाणं तेच होतं. बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन ब्लॉकपर्यंत मीटर लावून सेल्फ मारला, तर व्होल्टभराहून जास्त. अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. अर्थिंगच्या पट्टीचा बोल्ट बॅटरी ट्रेखाली हिरवा पडला होता. पॉलिश पेपर मारला, घट्ट आवळला, झालं.

शेजारच्या काकांच्या डिझेल गाडीत हीटर प्लगबद्दल (गार इंजिन तापवणारे प्लग) स्कॅनरने चकार शब्द काढला नाही. मीटरवर एक प्लग सरळ ओपन, म्हणजे आतून तुटलेला निघाला. बाकीचे एका ओहमच्या आसपास होते.

काम झालं की सॉकेटमधून काढून ठेवा, गाडी बंद असतानाही हा थोडी बॅटरी पितोच. आणि आयफोन असेल तर साधा ब्लूटूथवाला जोडलाच जाणार नाही, वायफायचा किंवा ब्लूटूथ एलईचा बघून घ्या.