ऑस्कर मॉर्निंग रिव्ह्यू: स्क्रीन ठीक, फॉर्म भारी, मार्क चुकीचे

रेटिंग आधीच सांगून टाकते, पाचपैकी साडेतीन. अर्धा पोह्यांपायी गेला आणि एक मार्क द्यायच्या पद्धतीपायी, त्याबद्दल पुढे सविस्तर रडणार आहे.

तर पुण्यात प्रभात रोडच्या एका गल्लीत एक छोटं कॅफे आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण खाली त्यांना थोडं झापलंय आणि चालवणारा पोरगा गोड आहे. त्यांनी ३ मार्च २०२५ ला, म्हणजे सोमवारी पहाटे, ९७वे ऑस्कर लाइव्ह दाखवायचा कार्यक्रम ठेवला होता. तिकडे लॉस एंजेलिसला डॉल्बी थिएटरात रविवारचे दुपारचे चार, आपल्याकडे सोमवारचे पहाटेचे साडेपाच. ४९९ रुपयात एंट्री, नाश्ता, दोनदा चहा नाहीतर फिल्टर कॉफी आणि एक छापील फॉर्म. ऑफिसला "बरं नाहीये" असा मेसेज टाकून आलेली निम्मी पब्लिक तरी असणार, कारण साडेनऊ वाजता सगळे एकदम खडखडीत बरे होऊन लॅपटॉप उघडून बसले.

स्क्रीन ठीकठाक. पहिल्या दोन रांगा सोडून मागे बसा, पुढे मान वर करून करून दुखते. आवाज आधी फार बारीक होता, मग कोणीतरी वाढवला तर टाळ्या वाजल्या की स्पीकर फाटायचा. खरा वैताग वेगळाच. स्ट्रीम मागे चालत होतं आणि लोकांचे फोन पुढे. माझ्या शेजारच्या बाईंच्या फॅमिली ग्रुपवर विनर आधी यायचा आणि त्या "अगंबाई!" म्हणायच्या की आम्हाला कळायचं, पाकीट स्क्रीनवर उघडायच्या आधीच. फोन बाहेर एका टोपलीत ठेवायला लावा, कोणी मरत नाही चार तासात.

होस्ट कोनन ओब्रायनने सुरुवातीला मधेच हिंदीत भारतातल्या लोकांना नमस्कार घातला, तिकडे सकाळ झालीये, नाश्ता करत करत ऑस्कर बघत असाल अशा अर्थाचं काहीतरी बोलला. नेमके तेव्हा आमचे पोहे आलेले नव्हते. आले ते साडेसातला आणि गार. वर शेव भरपूर होती, पण लिंबाची फोड मागावी लागली, पुण्यात!

आता फॉर्म. हा प्रकार इतका भारी होता की ४९९ त्यातच वसूल. प्रत्येक कॅटेगरीपुढे दोन रकाने, "जिंकणार कोण" आणि "जिंकायला पाहिजे कोण". आणि त्याच्या पुढे बारीक चौकोन, "पिक्चर बघितलाय का? हो / नाही". हा चौकोन ज्याने कोणी छापला त्याच्या पाया पडायला पाहिजे. कारण आपल्याकडे ऑस्करवर भांडणारे ऐंशी टक्के लोक ट्रेलर बघून भांडतात. आणि आपल्याला काय हसायचं, ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीच्या मेंबरांना तरी कुठे बंधन होतं, फायनल मतदानाआधी त्या कॅटेगरीतले सगळे पिक्चर बघितलेच पाहिजेत असा नियम त्यांनी एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केला, तोही पुढच्या वर्षीपासून. इतकी वर्षं न बघताही मत टाकता येत होतं. आमचं कॅफे एक महिना पुढे होतं म्हणायचं.

मी आणि माझा मावसभाऊ असे गेलो होतो. त्याने बेस्ट अॅक्टरला दोन्ही रकान्यात टिमोथी शॅलमे लिहिलं, गायक बॉब डिलनवरच्या 'अ कम्प्लीट अननोन'साठी, आणि आठवडाभर आधी त्याला सॅग, म्हणजे नटांच्या युनियनचं अवॉर्ड, मिळालेलं असल्यामुळे जाम फॉर्मात होता. "ताई, गाणी त्याने स्वतः म्हटलीयत, सेटवर लाइव्ह." अरे हो, म्हटलीयत, मेहनत आहेच. पण माझ्या "जिंकायला पाहिजे" मध्ये कोलमन डोमिंगो होता, तुरुंगातल्या नाटकमंडळीवरचा 'सिंग सिंग'. त्या पिक्चरमध्ये आजूबाजूला बरेचसे खरोखर तुरुंगात राहून आलेले लोक आहेत, स्वतःच्याच आयुष्यातलं काम करतायत, आणि त्यांच्यात उभं राहून कसलेल्या नटाने कुठेही "बघा मी कसा करतो" न करणं, हे गाणं शिकण्यापेक्षा अवघड आहे असं माझं मत. त्यातला क्लॅरेन्स मॅक्लिन, स्वतःचीच भूमिका करणारा, त्याला तर सपोर्टिंगचं नॉमिनेशनही दिलं नाही, पटकथेच्या नॉमिनेशनमध्ये मात्र नाव आहे.

मिळालं कोणाला, तर एड्रियन ब्रॉडीला, 'द ब्रुटलिस्ट'. काम चांगलंय, वाद नाही. साडेतीन तासांहून मोठा पिक्चर, मधे रीतसर पंधरा मिनिटांचं इंटरव्हल, आपल्यासारखं. हंगेरियन उच्चार एआय लावून सुधारल्याचं बाहेर आल्यावर बराच गदारोळ झाला होता, त्याने मत बदलायचं की नाही यावर आमच्या टेबलावर दहा मिनिटं गेली. मला विचाराल तर उच्चार सुधारले म्हणून डोळे सुधारत नाहीत, तेव्हा चालेल. गंमत अशी की २००३ मध्ये ब्रॉडी २९ व्या वर्षी सगळ्यात तरुण बेस्ट अॅक्टर झाला होता आणि शॅलमेही या वेळी २९ चाच, जिंकला असता तर तो रेकॉर्ड मोडला असता. म्हणजे ब्रॉडीने स्वतःचाच रेकॉर्ड स्वतः येऊन वाचवला. वर भाषण साडेपाच मिनिटांहून जास्त, ऑस्करच्या इतिहासातलं तोपर्यंतचं सगळ्यात लांब, म्युझिक सुरू केलं तर बंद करा म्हणाला. मावसभाऊ चिडून तेवढ्यात बाहेर जाऊन दुसरी कॉफी घेऊन आला आणि भाषण चालूच.

पण खरी रणधुमाळी बेस्ट अॅक्ट्रेसवर. डेमी मूर की मायकी मॅडिसन, खोली सरळ दोन भागात. मूर समर्थकांचं म्हणणं, ६२ वर्षांची बाई, आयुष्यभर इंडस्ट्रीने बायकांच्या वयावरून, दिसण्यावरून जे केलं तेच 'द सब्स्टन्स'मध्ये अंगावर घेऊन केलं, गोल्डन ग्लोब मिळालं, सॅग मिळालं, आता हेही द्या. ही अर्ग्युमेंट मला आवडत नाही. आयुष्यभराचं काम बघायचं तर त्याला वेगळं मानद ऑस्कर आहे, इथे एका पिक्चरमधलं काम तोलायचं. पण तेवढ्यात मागून एका मुलीने आरशाचा सीन काढला. डेटवर जायला तयार होते, दारापर्यंत जाते, परत येते, लिपस्टिक पुसते, परत लावते, परत जाते, आणि शेवटी तोंड असं रगडते की बघवत नाही. एक शब्द नाही त्यात. "यात करिअर कुठे आलं, हे कामच आहे ना?" मी गप्प. बरोबर होती ती.

मॅडिसनवाल्यांकडेही माल होताच. 'अनोरा'त त्या मोठ्या घरात नवऱ्याच्या घरच्यांची दोन माणसं येतात आणि ती चावते, लाथा मारते, ओरडते, तो लांबलचक सीन एकाच वेळी विनोदी आणि भीतीदायक ठेवणं, आणि मग शेवटचा गाडीतला सीन, काचेवर वायपरचा आवाज तेवढा. तो आवाज श्रेयनामावलीतही चालू राहतो, थिएटरात कोणी उठत नव्हतं माझ्या वेळी. २५ व्या वर्षी हे.

माझं मत तिसरीकडेच होतं, फर्नांडा टोरेस, 'आय एम स्टिल हिअर'. "बघितलाय का" च्या चौकोनात इथे "हो" लिहिणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ब्राझीलची लष्करी राजवट, नवऱ्याला घरातून उचलून नेलंय, तो परत येत नाही. मासिकाचा फोटोग्राफर घरी येतो, त्याला कुटुंब गंभीर चेहऱ्याने हवंय, आणि ही पोरांना सांगते, हसा. सगळे हसतात. बस. रडायची एवढी सोय असलेली भूमिका आणि बाई जवळजवळ रडतच नाही. आपल्याकडे अॅक्टिंग म्हणजे किती रडली यावर मोजायची सवय, त्यामुळे हे काम दिसतच नाही लोकांना. शिवाय तिची आई फर्नांडा मोंटेनेग्रो हिलाही १९९९ मध्ये याच कॅटेगरीत नॉमिनेशन होतं, याच डायरेक्टरच्या पिक्चरसाठी, तिलाही मिळालं नव्हतं, आणि आता या पिक्चरच्या शेवटी म्हातारपणीची तीच बाई आईनेच केलीये. (हो, मीही आता बाहेरची गोष्ट आणली, कळतंय. पण ती बोनस म्हणून.) पिक्चरला बेस्ट इंटरनॅशनल मिळालं, ब्राझीलचं या कॅटेगरीतलं पहिलंच, तेव्हा आम्ही चारपाच जणांनीच टाळ्या वाजवल्या.

अॅक्ट्रेस मॅडिसनला गेलं. शेजारच्या बाईंनी "अगंबाई" आधीच म्हटलं होतं.

सपोर्टिंगबद्दल मात्र खोलीत एकमत झालं आणि ते म्हणजे हा चालूपणा आहे. किरन कल्किन 'अ रिअल पेन'मध्ये दोन हिरोंपैकी एक, पिक्चर उघडतो त्याच्या चेहऱ्यावर आणि संपतो त्याच्या चेहऱ्यावर, आणि बक्षीस सपोर्टिंग. झोई सल्डाना 'एमिलिया पेरेझ'मध्ये शीर्षकभूमिका करणारीपेक्षा जास्त वेळ पडद्यावर आहे, तीही सपोर्टिंग. कारण उघड आहे, मेन कॅटेगरीत गर्दी, इथे जागा. स्टुडिओ ठरवतो कुठे ढकलायचं, मेंबर बहुतेक वेळा मान डोलावतात. आणि नुकसान कोणाचं, तर नवा पोप निवडण्यावरच्या 'कॉन्क्लेव्ह'मधल्या इझाबेला रोसेलिनीचं. जेमतेम काही मिनिटांची नन, जवळजवळ पूर्ण वेळ गप्प, आणि मग भर कार्डिनलांसमोर जे बोलायचं ते बोलून झाल्यावर हळूच गुडघ्यात वाकून नमस्कार करते आणि निघून जाते. तो नमस्कार म्हणजे थप्पड आहे. याला म्हणतात सपोर्टिंग! फॉर्ममध्ये पुढच्या वेळी तिसरा रकाना टाका, "ही व्यक्ती या कॅटेगरीत बसते का".

बेस्ट पिक्चर 'अनोरा'. डायरेक्शन, ओरिजिनल पटकथा, एडिटिंग हे सगळं शॉन बेकरलाच, एका रात्री एकाच पिक्चरसाठी चार ऑस्कर घेणारा पहिलाच माणूस, वॉल्ट डिस्नेने १९५४ मध्ये चार घेतली होती पण वेगवेगळ्या फिल्म्ससाठी. साठ लाख डॉलरचा पिक्चर, हॉलिवूडच्या हिशेबात चहापाण्याचा खर्च. पिक्चरला मिळालं त्याचा आनंद आहे, एडिटिंग मी 'कॉन्क्लेव्ह'ला दिलं असतं, म्हातारे एका खोलीत चिठ्ठ्या टाकतायत आणि आपण खुर्चीच्या टोकावर, हे एडिटिंगशिवाय होत नाही.

आणि मग जे होणारच होतं ते झालं, कोणीतरी म्हणालं, आपलं काय. प्रभात रोड म्हणजे एफटीआयआय, सिनेमा शिकवणारी सरकारी संस्था, हाकेच्या अंतरावर, मागच्या टेबलावर तिथलीच पोरं. 'अनोरा'ला २०२४ मध्ये कान फेस्टिवलला पाम दोर, म्हणजे तिथलं सगळ्यात मोठं बक्षीस, मिळालं तेव्हा त्याच्या खालोखालचं ग्रां प्री पायल कपाडियाच्या 'ऑल वी इमॅजिन अॅज लाइट'ला मिळालं होतं, आणि पायल त्यांचीच सीनियर. पण ऑस्करला भारताचा पिक्चर निवडणाऱ्या फिल्म फेडरेशनने पाठवला 'लापता लेडीज'. कपाडियाचा पिक्चर समितीला भारतात घडणाऱ्या युरोपियन पिक्चरसारखा वाटला, असं फेडरेशनच्या अध्यक्षांनीच सांगितलं होतं. डिसेंबरमध्ये पंधरा पिक्चरची शॉर्टलिस्ट आली त्यात 'लापता लेडीज' नाही, आणि ब्रिटनने पाठवलेला हिंदी 'संतोष' आहे. हसावं की रडावं.

पण माझा मुद्दा वेगळा आहे आणि तो मी तिथे उभं राहून मांडला, सकाळी सकाळी, हातात पोह्याची बशी घेऊन. दोन्ही पिक्चरमध्ये छाया कदम आहे! 'लापता लेडीज'मधली स्टेशनवर टपरी चालवणारी मंजू माई आणि 'ऑल वी इमॅजिन'मधली पार्वती, हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी, बिल्डर चाळीतून हुसकावतोय आणि राहत्या घराचा एक कागद नाही हातात. रात्री बिल्डरच्या होर्डिंगला दगड मारते तेव्हा ती रडत नाही, चिडतही नाही, चक्क मजा घेते. मग सामान उचलून रत्नागिरीकडे आपल्या गावाला. मंजू माई प्रेक्षकांकडे तोंड करून केलेलं काम आहे, पार्वती पाठ फिरवून, आणि एकाच वर्षात दोन्ही जमणारी नटी आपल्याकडे असताना आपण भांडतोय कुठला पिक्चर पाठवायचा होता यावर. पोरांनी टाळ्या वाजवल्या, थोडं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता तो कापलेला एक मार्क. शेवटी बक्षीस होतं, एक मग आणि पुढच्या कार्यक्रमाचा पास, आणि मार्क मोजले फक्त "जिंकणार" या रकान्याचे. जिंकला कोण, तर एक सद्गृहस्थ ज्यांच्या फॉर्मवर जवळपास सगळे चौकोन "नाही", आणि त्यांनी माइकवर सांगितलं की बेटिंगचे भाव बघून भरलंय. म्हणजे तुम्ही इतका सुंदर फॉर्म छापता, लोकांना मत लिहायला लावता, आणि ते मत टोपलीत. माझं म्हणणं इतकंच, "जिंकायला पाहिजे" चे रकाने मोजून खोलीचा स्वतःचा निकाल लावा, ज्यांनी पिक्चर बघितलाय त्यांचीच मतं धरून, आणि तो शेवटी वाचून दाखवा. आमच्या खोलीचा बेस्ट अॅक्टर कोण ते मला अजून माहीत नाही. मालकाला हे सांगितलं, तो म्हणाला फॉर्म रद्दीत गेले ताई.

जायचं का, तर हो, जा. आदल्या महिन्यात जमतील तेवढे पिक्चर बघून जा, नाहीतर नुसती झोपमोड आहे. मागची रांग पकडा, एसी अंगावर येतो तेव्हा शाल घ्या, पोह्याऐवजी बन मस्का मागा, तो गरम मिळतो. पार्किंग अजिबात नाही.