सहा महिन्यांचा रुग्णसहायक अभ्यासक्रम: शुल्क भरणाऱ्याचा अभिप्राय

माझ्या आईची तीन वर्षे काळजी घेणाऱ्या मावशींच्या मुलीने हडपसर परिसरातील एका खासगी संस्थेत ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ हा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम नुकताच पूर्ण केला. २२,००० रुपयांचे शुल्क मी भरले होते, तेव्हा त्याच्या मोबदल्यात काय मिळाले हे तपासण्याचा अधिकार मला आहे, असे मी धरून चालतो. संस्थेचे नाव लिहीत नाही, कारण तिथून बाहेर पडलेल्या मुलींच्या नोकऱ्यांना त्याचा त्रास होऊ नये.

प्रात्यक्षिकाचा भाग खरोखर उत्तम आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर कसे वळवायचे, रुग्ण खाली न उतरवता चादर कशी बदलायची, स्पंजिंग करताना त्याची लाज कशी राखायची, हे सारे आधी पुतळ्यावर आणि नंतर दोन महिने एका रुग्णालयातील वॉर्डात शिकवले गेले. मावशींनी हेच काम बारा वर्षे केले, पण पाठीवरची लाल झालेली त्वचा म्हणजे बेडसोरची, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची सुरुवात, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. लेकीने ते पहिल्याच महिन्यात आईला शिकवले. घरोघरी रुग्णसेवेसाठी माणसे पुरवणाऱ्या ब्यूरोमार्फत बारा तासांच्या ड्यूटीचे मावशींना महिन्याला १४,००० रुपये मिळतात, तर मुलीला रुग्णालयात १७,५०० मिळू लागले. म्हणजे या फरकातूनच शुल्क सात महिन्यांत वसूल होते. थिओडोर शुल्ट्झ या अर्थतज्ज्ञांनी १९६० मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात, शिक्षण, आरोग्य आणि प्रशिक्षण यांवर होणारा बराचसा खर्च हा उपभोग नसून गुंतवणूक असतो, असे मांडले होते. आमच्या स्वयंपाकघरात बसून मांडलेला हा हिशेब त्याच जातीचा आहे.

मात्र शुल्ट्झ यांच्या यादीत आरोग्यही होते, आणि संस्था नेमके तेच विसरली. तिसऱ्या आठवड्यात ही मुलगी प्रात्यक्षिकाच्या वर्गात चक्कर येऊन पडली. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ८.९, प्रौढ स्त्रीचे ते १२ च्या खाली गेले की रक्तक्षय मानला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या होत्या, म्हणजे त्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुलींची हीच गत असण्याचा संभव होता. तरीही प्रवेशाच्या वेळी साधी रक्ततपासणी झाली नाही. हेपटायटिस बीची लसही कोणी विचारली नाही. तिचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी घ्यायचे असल्याने अभ्यासक्रमाच्या पहिल्याच दिवशी सुरुवात करायला हवी होती. वॉर्डात सुया आणि रक्ताच्या सान्निध्यात वावरणाऱ्या मुलींसाठी ही चैन नव्हे.

दुसरी उणीव केवळ संस्थेची म्हणता येणार नाही. रुग्णाने किती पाणी, पेज आणि सूप घेतले व लघवी किती झाली, याचा तक्ता मिलिलिटरमध्ये भरावा लागतो, आणि बारावी उत्तीर्ण झालेली ही मुलगी पाव लिटर म्हणजे किती मिलिलिटर, इथेच अडत होती. जागतिक बँकेच्या २०२० च्या मानवी भांडवल निर्देशांकात भारतातील मुलाला साधारण ११.१ वर्षांचे शालेय शिक्षण अपेक्षित धरले आहे, पण प्रत्यक्ष शिकण्याच्या दर्जाने मोजले की ते ७.१ वर्षेच उरते. त्यांचा आकडा अख्ख्या देशाचा, आणि मला तो एका तक्त्यातल्या चुकलेल्या बेरजेत दिसला. संस्थेने गणिताचे चार तास जरी ठेवले असते, तरी रविवारी मला शिकवायला बसावे लागले नसते. (बसायला हरकत नव्हती, तिने माझ्या दोन चुका काढल्या.)

रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केले आणि तिथे स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण मिळू लागले, तेव्हा हे काम हलके मानले जात असे. त्याच शहरात आजही ब्यूरोवाले प्रशिक्षित मुलीला ‘बाई पाठवतो’ असेच म्हणतात.

नोकरी लावून देण्याचे आश्वासन पाळले गेले, पण त्यासाठी बारावीची मूळ गुणपत्रिका संस्थेने स्वतःकडे ठेवून घेतली होती. ती परत मिळवायला पाच हेलपाटे पडले. मुलगी दुसरीकडे जाऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू. अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये दाखवले होते की कुठेही उपयोगी पडणारे कौशल्य शिकवण्याचा खर्च मालक सहसा सोसत नाही, कारण शिकलेला माणूस निघून जाऊ शकतो. इथे खर्च तर मी सोसला होता, मग अडवणूक कशासाठी?

पाचपैकी साडेतीन गुण देतो, आणि ते जवळजवळ सगळे वॉर्डातल्या शिक्षिकांचे आहेत. मावशींची धाकटी मुलगी पुढच्या वर्षी प्रवेश घेणार आहे. तिचे शुल्क मी भरेन, पण आधी रक्ततपासणी आणि लसीचा पहिला डोस होईल, आणि गुणपत्रिकेची केवळ साक्षांकित प्रत दिली जाईल.