सुपर मीटिऑर 650 घ्यावी की मीटिऑर 350? खान्देशच्या रस्त्यांवरून हिशेब

दोन्ही गाड्या रॉयल एनफिल्डच्या, दोन्ही क्रूझर, नावंही सारखीच. त्यामुळे 350 बघायला गेलेला माणूस शोरूममध्ये 650 वर बसून बघतो आणि मग महिनाभर घोळात राहतो. फरक नुसत्या ताकदीचा असता, तर खिसा बघून निर्णय झाला असता. इथे बघायचं ते असं, की महिन्याच्या तुमच्या फिरण्यात चौपदरी किती आणि फाट्यावरून आत जाणारा रस्ता किती. चौपदरीवर 650 ला जोड नाही. आत वळलं की तिचं वजन, लांबी आणि जमिनीपासूनची कमी उंची, तिन्ही गोष्टी तुमच्या अंगावर येतात.

आधी आकडे. 650 ला दोन सिलिंडरचं 648 सीसीचं इंजिन, 47 पीएस, 52.3 न्यूटन-मीटर टॉर्क आणि 6 गिअर. 350 ला एकच सिलिंडर, 349 सीसी, 20.4 पीएस, 27 न्यूटन-मीटर आणि 5 गिअर. वजन 241 किलो विरुद्ध 191 किलो. जमिनीपासूनची उंची 135 मिमी विरुद्ध 170 मिमी. टाक्या मात्र जवळपास सारख्या, 15.7 आणि 15 लिटर. 650 ची किंमत साधारण दुप्पट. सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी 18 टक्के झाला आणि त्यावरच्या गाड्यांवर 40 टक्के, त्यामुळे हे अंतर आणखी वाढलं. 2022 मध्ये ठरलेल्या दरांनी नव्या गाडीचा 5 वर्षांचा थर्ड पार्टी विमाच 650 ला 15,117 रुपये आणि 350 ला 7,365 रुपये पडतो.

आता चौपदरी. नवापूर, साक्री, धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ, मुक्ताईनगर हा सुरत-नागपूर पट्टा, किंवा धुळ्याहून शिरपूरमार्गे सेंधव्याकडे जाणारा आग्रा रोड. दुचाकीला चौपदरीवर कायद्याने 80 ची मर्यादा आहे आणि 80 ला 350 सुद्धा आरामात चालते. मग 47 पीएस कशाला? डबल सीट आणि मागे सामान असताना केळीच्या ट्रकला ओलांडायला. 350 ला 70 वरून पुढे काढायचं तर आधी एक गिअर खाली घ्यावा लागतो, समोरचं अंतर नीट मोजावं लागतं आणि चढावर बहुतेक वेळा बेत सोडून द्यावा लागतो. 650 नुसत्या मुठीवर पुढे सरकते. समोरून आलेल्या कंटेनरच्या हवेचा झोत 350 ला हलवतो, 650 ला फारसा नाही. दिवसाला 300 किलोमीटरच्या वर गेलात की हा फरक खांद्यांना कळतो. चाळीसगावहून औट्रम घाट चढतानाही तसंच: 350 डबल सीट असली की तिसऱ्या-दुसऱ्या गिअरमध्ये रडत चढते.

पण बसण्याची पद्धत दोन्हींना अडचणीची आहे आणि 650 ला जास्त. क्रूझरवर पाय पुढे असतात. खड्डा आला की पायांवर भार घेऊन सीटवरून उचलता येत नाही, सगळा हादरा माकडहाडात जातो. त्यात 650 च्या मागच्या शॉकअपची हालचाल जेमतेम 101 मिमी, म्हणून मागे बसणाऱ्याला तो आणखी लागतो. मणक्याचं दुखणं असेल तर दोन्ही गाड्यांचा नाद सोडा. सातपुड्यातल्या धडगाव, तोरणमाळ किंवा पालकडे वरचेवर जाणं असेल तर रॉयल एनफिल्डचीच हिमालयन 450 बघा: 196 किलो, जमिनीपासून 230 मिमी आणि दोन्ही चाकांना 200 मिमी हालचाल. सीट मात्र 825 मिमी उंच आहे, बुटक्या माणसाला जड जाईल.

135 मिमीचा अर्थ गावात शिरल्यावर कळतो. ग्रामपंचायतीने हौसेने बांधलेले गतिरोधक कुठल्याच मापात नसतात. डबल सीट 650 तिथे पोटाने घासते, कधी एक्झॉस्टचा खालचा पाइप लागतो. उपाय दोनच: मागच्या स्प्रिंगचा प्रीलोड, म्हणजे तिच्यावरचा आगाऊ दाब, घट्ट करायचा आणि गतिरोधक तिरका घ्यायचा, तोही ब्रेक सोडून, कारण ब्रेक दाबलेला असला की पुढचा भाग आणखी खाली बसतो. तिसरा उपाय म्हणजे 350.

पावसाळ्यातली काळी माती हा वेगळाच विषय. शेतरस्त्यावर ती चाक आणि मडगार्डमध्ये बसते आणि चाक फिरेनासं होतं. 191 किलो एक माणूस कसाबसा ओढून काढतो, 241 किलोला दोन माणसं लागतात. गाडी आडवी झालीच तर किल्ली बंद करा आणि गिअर टाका. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढा. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा, सीटला पाठ टेकवा, एका हाताने मूठ आणि दुसऱ्याने मागचा हँडल धरून मांड्यांच्या जोरावर मागे मागे सरका. कंबरेतून वाकून उचलायला गेलात तर कंबर जाते.

मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 ला टेकतो तेव्हा दोन्ही इंजिनांची झळ लागते, पण जळगावच्या आकाशवाणी चौकात किंवा अजिंठा चौफुलीवर अडकल्यावर 650 ची नडगीला जास्त जाणवते. पातळ बर्म्युडावर हिंडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. 650 च्या पुढच्या ऑइल कूलरच्या पात्यांमध्ये माती वाळली की उष्णता बाहेर पडत नाही. ती साध्या पाण्याने भिजवून काढा. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारला की पाती वाकतात.

खर्चाचं म्हणाल तर 650 चं ॲव्हरेज शांत चालवली तर 24-25, 350 चं 33-35. म्हणजे एका टाकीत एक पावणेचारशे जाते, दुसरी पाचशेच्या जवळ. 650 ला ऑइल तीन लिटरच्या आसपास लागतं, प्लग दोन, आणि 150/80-16 मापाचं मागचं टायर तालुक्याच्या दुकानात सहसा नसतं. ते झिजून तारा दिसायची वाट न बघता आधीच मागवून ठेवावं. अलॉय चाकं असतील तर दोन्हींना ट्यूबलेस टायर असतात, पंक्चर किट आणि छोटा पंप सोबत असू द्या.

चेन दोन्हींना आहे आणि दोन्हींचं दुखणं तेच. धूळ आणि ग्रीस मिळून सॅंडपेपर तयार होतो. दर 500 किलोमीटरला, आणि पावसात भिजली की लगेच, रॉकेल व मऊ ब्रशने धुवा, पुसा, मग 90 नंबरचं गिअर ऑइल किंवा चेन स्प्रे आतल्या बाजूने लावा. पेट्रोल वापरू नका, रबरी रिंगा खराब होतात. ढिलाई मोजताना चाक फिरवून चार-पाच जागी बघा. एका जागी घट्ट आणि दुसरीकडे ढिली लागली तर चेन ताणून उपयोग नाही, स्प्रॉकेटसकट, म्हणजे तिच्या दातेरी चक्रांसकट, बदला.

650 ला सामानाच्या कापडी पिशव्या टांगणार असाल तर त्यांना सायलेन्सरपासून दूर धरणारे लोखंडी स्टे हवेतच. तिला दोन्ही बाजूंना सायलेन्सर आहेत, पिशवी टेकली की वितळते. 350 ला ही भीती फक्त उजवीकडे.

ट्रायल घेताना मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवून काही कळत नाही. जी व्यक्ती नेहमी मागे बसणार तिला घेऊन जा. वाटेत दोन गतिरोधक आणि एक खराब तुकडा येऊ द्या, पूर्ण वळण एका दमात घेऊन बघा. मग इंजिन बंद करून, सीटवर बसूनच, हलक्या चढावर गाडी पायांनी मागे रेटा. ते जमलं नाही तर रोजच्या पार्किंगलाही जमणार नाही, आणि 650 च्या बुकिंगची रक्कम देण्याआधी ते कळलेलं बरं.