इलेक्ट्रिक वॉटर पंप, आठ महिन्यांनंतर: पंप उत्तम, सेन्सरची जागा चुकली तर सगळं फुकट

गाडीच्या इंजिनातलं कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) फिरवणारा हा विजेवरचा पंप आठ महिन्यांत एकदाही बंद पडला नाही. तरी इंजिन दोनदा तापलं, आणि दोन्ही वेळा मूळ एकच निघालं: टेंपरेचर सेन्सर. त्यामुळे इथे पंपापेक्षा सेन्सरबद्दलच जास्त लिहिलंय.

किट नेहमीचंच. १२ व्होल्टचा, मिनिटाला ११५ लिटरवाला पंप रेडिएटरच्या खालच्या होजमध्ये, सोबत सेन्सरचं तापमान बघून पंप चालवणारा कंट्रोलर. बेल्टवर चालणाऱ्या जुन्या पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारा पंखा) काढला, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढला, बायपासला बूच मारलं. (बायपास उघडा राहिला तर गरम कूलंट रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरत राहतं.) सेन्सरबद्दल किटच्या कागदात एकच ओळ आहे: वरच्या होजमध्ये बसवा. नेमका कुठे, ते नाही. सरळ होज मिळतो रेडिएटरच्या तोंडाशी, म्हणून बहुतेकजण तिथेच बसवतात.

तिथे का नको? इंजिन गार असताना कंट्रोलर पंप सलग चालवत नाही. काही सेकंद चालू, मग बंद. बंद असताना पाणी हलत नाही. हेडमधलं (इंजिनाच्या वरच्या भागातलं) तापत जातं, रेडिएटरजवळचं गारच राहतं. सेन्सर ६० अंश सांगतो तेव्हा हेड केव्हाच ८० च्या पुढे गेलेलं असतं. पंप परत सुरू झाला की आकडा एकदम उडी मारतो. दुसरा धोका याहून वाईट. सेन्सर होजच्या सगळ्यात उंच वळणावर असेल आणि कूलंट थोडं जरी कमी झालं, तर त्याचं टोक हवेत उघडं पडतं. हवेत तो खऱ्यापेक्षा कमी तापमान दाखवतो, आणि पाण्याची सर्वाधिक गरज असते नेमकं तेव्हाच कंट्रोलर पंप मंद करतो.

योग्य जागा म्हणजे थर्मोस्टॅट हाउसिंग, हेडमधून पाणी बाहेर पडतं तिथेच. भोक पाडून टॅप मारायचा (आटे पाडायचे), सेन्सरचं टोक वाहत्या पाण्यात पूर्ण बुडालेलं हवं, भिंतीला टेकलेलं नको. तासाभराचं काम आहे, पण त्याशिवाय कंट्रोलरवर विश्वास ठेवू नका.

सुरुवातीचं मत होतं की पंपाची ही चालू-बंद चालू-बंद म्हणजे दोष आहे. कंट्रोलर काढून पंप इग्निशनवर थेट जोडावा, तेवढेच पैसे वाचतील. ते मत आता बदललंय. थर्मोस्टॅट नसताना पंप सलग चालवला तर इंजिन तापमानाला येतच नाही, हवा-पेट्रोलचं मिश्रण रिच राहतं, पेट्रोल जास्त जातं आणि ऑइलमधला ओलावा उडत नाही. कंट्रोलरचे पैसे वाजवी आहेत.

वायरिंगमध्ये काटकसर नको. पूर्ण वेगात पंप १० अँपिअरच्या आसपास ओढतो. १५ चा फ्यूज, रिले, ४ चौरस मिलिमीटरची वायर, आणि अर्थ थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. पंप चालू ठेवून बॅटरीवर आणि पंपाच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर वेग आणि प्रवाह दोन्ही पडतात.

खरा आनंद दोन गोष्टींचा. एक, इंजिन बंद ठेवून पंप चालवता येतो, त्यामुळे कूलंट भरताना हवा काढणं फार सोपं होतं. हीटरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवा आणि पंप शक्य तितका खाली बसवा. हा पंप स्वतः हवा ओढून पाणी चढवत नाही. दोन, गाडी बंद केल्यावरही तो थोडा वेळ चालतो, त्यामुळे हेडमध्ये साठलेली उष्णता पाण्याला उकळवत नाही. मायलेजसाठी मात्र घेऊ नका, फरक जाणवत नाही. बेल्टवरचा भार कमी होतो तसा अल्टरनेटरवरचा वाढतो.

जुना पंप टायमिंग बेल्टवर असेल तर त्याचा सांगाडा जागेवरच राहतो, त्याचं बेअरिंग आणि सील झिजतंच. तो खर्च सुटत नाही.

जुना पंप जाण्याआधी गळतो, आवाज करतो. हा फ्यूज उडाला की गुपचूप थांबतो. म्हणून हेडच्या धातूवर वेगळा टेंपरेचर स्विच आणि बझर लावाच, कंट्रोलरशी न जोडता.

राहिला सेन्सरचा ॲल्युमिनियम ॲडॉप्टर, म्हणजे सेन्सर होजमध्ये बसवायचा नळीचा तुकडा. त्याच्या टोकांना उठाव नाही, गुळगुळीत आहे, म्हणून दाब आला की होज सरकतो. विक्रेत्याने ‘झिजणारा भाग’ म्हणून वॉरंटी नाकारली, जे अजिबात पटत नाही. हा झिजेचा नाही, घडणीचा दोष आहे. सेन्सर होजमध्येच ठेवणार असाल तर लेथवर दोन्ही टोकांना मिलिमीटरभर उठाव ठेवलेला पितळी ॲडॉप्टर करून घ्या. बाहेरचा व्यास होजच्या आतल्या व्यासाइतकाच हवा. सैल होजवर क्लिप कितीही आवळली तरी घडी पडते आणि तिथूनच गळतं. पहिल्यांदा गरम होऊन गार झाल्यावर सगळ्या क्लिपा पुन्हा आवळा.