एसएसला एमएस जोडताना रॉड कोणता? ३०८एल, ३०९एल, ३१२ की निकेल

३०४ची (हा एसएसचा, म्हणजे स्टेनलेस स्टीलचा नेहमीचा ग्रेड) टाकी आणि तिला एमएसचा (माइल्ड स्टील, साधं पोलाद) ब्रॅकेट, हा जॉब फॅब्रिकेशनवाल्याकडे येतोच. ३०४ म्हटलं की हात आपसूक ३०८एल रॉडकडे जातो. आमचाही गेला होता. बीड (वेल्डची पट्टी) देखणी आली. दुसऱ्या दिवशी डाय पेनिट्रंट (तडे दाखवणारा लाल रंग) मारलं, तर पांढऱ्या डेव्हलपरवर बीडच्या मधोमध केसाएवढी लाल रेघ उमटली. तिथे कानस लावली तर ती धरेना, नुसती घसरत होती.

झालं असं, की स्टिक वेल्डिंगमध्ये बीडच्या धातूत साधारण २५ ते ३० टक्के वाटा मूळ प्लेटचा असतो. ३०८एलमध्ये क्रोमियम सुमारे २० टक्के, निकेल १०. त्यात एमएस मिसळलं की क्रोमियम १६-१७ वर आणि निकेल ८ वर उतरतं. मग थंड होताना बीडमध्ये मार्टेन्साइट तयार होतं, कडक आणि ठिसूळ. ३०९एल मुळातच २३-२४ क्रोमियम आणि १२-१३ निकेल घेऊन येतो, त्यामुळे एमएस मिसळूनही बीड जवळपास ३०४च्या वळणाची राहते. शिवाय थोडं फेराइट (पोलादाची एक अंतर्गत रचना) शिल्लक राहतं, ते गरम असताना पडणाऱ्या तड्यांना आवरतं. रॉड महाग पडतो, पण ग्राइंडरने बीड खोदून पुन्हा भरायची मजुरी त्याहून महाग. टाकी ३१६ची (मॉलिब्डेनम असलेलं एसएस) असेल तर ३०९एलमो घ्या. एमएसचा नेहमीचा रॉड ७०१८ मात्र इथे अजिबात नको, तो एसएसमधलं क्रोमियम ओढून घेतो आणि बीड कडक होते.

३१२ (२९ क्रोमियम, ९ निकेल) मी राखून ठेवतो तो ग्रेड माहीत नसलेल्या शाफ्टसाठी, स्प्रिंग स्टीलसाठी. ताकद भरपूर, तड्यांना दाद देत नाही. पण सतत ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापणाऱ्या जागी तो ठिसूळ होतो.

बॉयलरकडच्या लाइनला, जिथे रोज तापणं-निवणं आहे, तिथे निकेलचा ईएनआयसीआरएफई-३ (ENiCrFe-3) रॉड घ्या. एसएस एमएसपेक्षा जवळपास दीडपट प्रसरण पावतं आणि ३०९एलची बीडही तशीच, म्हणून सगळा ताण एमएसच्या कडेला येतो. निकेलचं प्रसरण एमएसच्या जवळचं, आणि एमएसमधला कार्बनही बीडकडे कमी सरकतो. किंमत कितीतरी पट, म्हणून साध्या ब्रॅकेटला तो लावू नका.

रॉड कुठलाही असो, करंट कमी ठेवा, बारीक सरळ बीड मारा, एमएसमध्ये खोल जाऊ नका. आणि ब्रॅकेट गॅल्वनाइज्ड असेल तर आधी जस्त पूर्ण घासून काढा. वितळलेलं जस्त एसएसच्या कणांच्या सीमांमध्ये शिरलं, तर ३०९एलही तडा थांबवू शकत नाही.