जर्मनीतल्या पोस्टडॉकच्या नावाखाली झालेली फसवणूक

फॉरेन्सिक जेनेटिक्स (गुन्ह्यांच्या तपासातलं डीएनएशास्त्र) किंवा बायोइन्फर्मेटिक्समध्ये पीएचडी करून परदेशी पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या जागेसाठी, अर्ज करणाऱ्या सगळ्यांपर्यंत हे पोचावं म्हणून लिहिते आहे. माझे १,८५,००० रुपये गेले, पासपोर्टची प्रत गेली. आणि आमच्या लॅबने गावोगाव फिरून जमवलेला लोकांचा डीएनए डेटा जाता जाता राहिला. पैशांपेक्षा त्या डेटाची धास्ती मला जास्त वाटते.

आपल्याकडे या विषयात संशोधनाच्या जागा फार कमी. सरकारी प्रयोगशाळांमध्ये प्रलंबित केसेसचा ढीग असतो, पण पीएचडीनंतर पूर्णवेळ संशोधन करता येईल अशी पदं मोजकीच. साहजिकच सगळ्यांचे डोळे बाहेर लागलेले असतात, आणि फसवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे.

जाहिरात लिंक्डइनवर होती. एका जर्मन विद्यापीठातली न्यायवैद्यक संस्था, खऱ्या प्राध्यापकांचं नाव, त्यांचा फोटो. काम मिश्र नमुन्यांच्या विश्लेषणाचं. चाकूच्या मुठीवर तिघांचा डीएनए एकत्र सापडला, तर त्यात संशयिताचा असण्याची शक्यता किती, हे गणिताने मांडायचं. माझा थिसिस नेमका यावरच.

ऑनलाइन मुलाखतीत त्यांचा कॅमेरा बंद होता, पण प्रश्न अचूक होते. पीसीआर (डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याची प्रक्रिया) करताना आलेखावर खऱ्या शिखराच्या एक रिपीट (डीएनएत पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा) अलीकडे छोटं शिखर उमटतं, त्याला आम्ही स्टटर म्हणतो. 'मिश्रणात ज्याचा वाटा अगदी थोडा आहे त्याचं शिखर आणि स्टटर यांत फरक कसा करशील?' हा या कामातला खरोखरचा कळीचा प्रश्न आहे. युरोफॉरमिक्स हे मिश्र नमुन्यांचं सॉफ्टवेअर का वापरतेस, ड्रॉप-आउट (नमुन्यात असूनही न उमटलेलं शिखर) कसा धरतेस, हेही विचारलं. विषयाची अशी भाषा बोलणारा माणूस खोटा असेल हे मनात येत नाही. पण हे सगळे प्रश्न कुठल्याही चांगल्या रिव्ह्यू पेपरमधून उचलता येतात.

दोनच दिवसांत ऑफर लेटर आलं, शिक्क्यासकट. हातात दरमहा ७,२०० युरो. मग दोन खर्च सांगितले गेले: 'होस्टिंग अॅग्रीमेंट (संशोधकाला बोलावणाऱ्या संस्थेचा करार) नोंदणी' आणि 'ब्लॉक्ड अकाउंटची प्राथमिक रक्कम'. दुसरा शब्द फार विचारपूर्वक निवडलेला होता. जर्मनीला एमएसला जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या घरी ब्लॉक्ड अकाउंट माहीत असतं. वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी त्यात भरून दाखवावे लागतात, हे आईबाबांनाही पाठ असतं. त्यामुळे घरातही कुणाला वावगं वाटलं नाही. पैसे 'मुंबईतल्या अधिकृत प्रतिनिधी'च्या खात्यावर आयएमपीएसने भरायला सांगितले.

प्रत्यक्षात ही अट विद्यार्थ्यांसाठी आहे. पगाराचा करार हाती असलेल्या संशोधकाला ब्लॉक्ड अकाउंट लागत नाही, तो पगारच उदरनिर्वाहाचा पुरावा असतो. होस्टिंग अॅग्रीमेंट संस्था स्वतः करून देते, त्याच्या नोंदणीसाठी उमेदवाराने कुणा प्रतिनिधीला पैसे पाठवायचे नसतात. व्हिसाची ७५ युरो फी अर्ज देताना भरायची असते, प्राध्यापकांच्या माणसाकडे नव्हे. आणि पगार! तिथल्या विद्यापीठांत पोस्टडॉकला साधारणपणे टीव्ही-एल ई१३ ही वेतनश्रेणी मिळते. तिचे तक्ते सगळ्यांना पाहायला खुले आहेत. सुरुवातीच्या पायऱ्यांवर कर कापण्याआधीच ही रक्कम पाच हजार युरोंच्या आसपास असते. हातात सात हजार येणं शक्यच नाही.

पैसे गेल्यावर पुढची मागणी आली. 'रुजू होण्याआधी तुमच्या लॅबचा एसटीआर डेटा आमच्या पाइपलाइनवर चालवून बघू, कच्च्या फाइल्स पाठवा.' एसटीआर म्हणजे डीएनएतले पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे, त्यांच्या संख्येवरून माणूस ओळखता येतो. अॅलील फ्रीक्वेन्सीचे तक्ते, म्हणजे लोकांत कोणता प्रकार किती आढळतो याचे, आम्ही छापलेलेच आहेत, ते कुणीही घ्यावेत. कच्च्या फाइल्स म्हणजे एकेका माणसाची प्रोफाइल. वाय-एसटीआर, म्हणजे पुरुषांच्या वाय गुणसूत्रावरचा एसटीआर, तर बापाकडून मुलाकडे जवळपास जसाच्या तसा उतरतो, म्हणजे एकाची फाइल गेली की त्याचे भाऊ, चुलते, पुतणे सगळेच त्यात आले. नमुने घेताना एका आजोबांनी संमतीपत्रावर अंगठा उठवण्याआधी विचारलं होतं, "ताई, हे पोलिसाकडं तर जाणार न्हाई ना?" नाही जाणार, असा शब्द मी दिला होता.

म्हणून फाइल्सची परवानगी मागायला गाइड मॅडमकडे गेले. त्यांनी आधी जाहिरात मागितली, चष्मा लावला आणि पहिल्याच परिच्छेदावर बोट ठेवलं. "अगं, जर्मनीची लॅब आणि तेरा कोडिस लोकस? एसई-३३ कुठंय?" लोकस म्हणजे डीएनएवरची तपासायची ठरावीक जागा, एसई-३३ ही त्यातलीच एक. कोडिस म्हणजे अमेरिकेचा डीएनए डेटाबेस. तेरा लोकसचा संच अमेरिकेचा, तोही २०१७ पासून वीसचा झालाय. युरोपचा संच वेगळा, आणि जर्मनीच्या राष्ट्रीय डेटाबेसमध्ये एसई-३३ असतोच. कुठल्या तरी जुन्या अमेरिकन जाहिरातीतला मजकूर उचलून त्यावर जर्मन नाव चिकटवलं होतं.

त्याच संध्याकाळी संस्थेच्या वेबसाइटवरून प्राध्यापकांचा मेल आयडी घेऊन त्यांना विचारलं. मला आलेल्या पत्रांच्या पत्त्यात विद्यापीठाच्या नावाला 'करिअर्स' जोडून शेवटी डॉट कॉम होतं, खऱ्याच्या शेवटी डॉट डीई. सकाळी उत्तर आलं. अशी कुठलीही जागा त्यांच्याकडे नव्हती. त्यांच्या नावाने आणखीही काही जणांना पत्रं गेली होती आणि ते स्वतः वैतागले होते.

मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. माहिती-तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ड आणि भारतीय न्याय संहितेचं ३१८ लागलं. खात्यात उरलेली थोडी रक्कम बँकेने गोठवली आहे, ती सोडवण्याची प्रक्रिया चालू आहे. बाकीचे पैसे तासाभरातच पुढच्या खात्यांत फिरवले होते. आर्थिक फसवणुकीत पहिला फोन १९३० लाच करा, पोलीस ठाण्यात त्यानंतर जा. पासपोर्ट कुणालाही पाठवताना प्रतीवर आडवं लिहा, कुणासाठी आणि कोणत्या कामासाठी दिली ते. आधार मागितलं तर मास्क्ड आधारच (फक्त शेवटचे चार अंक दिसणारं) द्या.

आमच्या लॅबने आता नियम केला आहे की परदेशी सहकार्याच्या नावाने आलेली डेटाची कुठलीही मागणी आधी नीतिमत्ता समितीपुढे ठेवायची. मागणारा खरा प्राध्यापक असला तरीही.

गेल्या महिन्यात दुसऱ्या विद्यापीठातल्या एका मुलीने मला तशीच जाहिरात दाखवली. देश ऑस्ट्रिया, बाकी मजकूर तोच, तेरा लोकससकट. तुम्हाला ती आली असेल आणि पैसे भरले नसतील, तरी पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि 'प्रतिनिधी'चा खाते क्रमांक त्यात लिहा. एकाच खात्यावर अनेक तक्रारी आल्या की तपास अधिकाऱ्याला त्या एकमेकींना जोडता येतात.